आज्जीची मिश्री आणि अकरा नंबरचा उंदीर

अमेरिकेत पीएचडी करण्याच्या अर्जासोबत द्यायच्या निबंधाचा माझा पहिला खर्डा ‘लहानपणापासून मला मानवी मेंदूचं कुतूहल वाटत आलं आहे’ या वाक्यानं सुरू होत होता. बंगळुरूला ज्या प्रयोगशाळेत मी प्रोजेक्ट असिस्टंट होते, तिथल्या एका सीनिअर ताईनं तो वाचला आणि एवढंच विचारलं, “खरंच वाटायचं?”

नाही. लहानपणी मला कुतूहल होतं ते आज्जीच्या मिश्रीचं.

आमचं गाव तासगावजवळ. घरची द्राक्षबाग. आज्जी पहाटे उठून चुलीवरच्या तव्यात तंबाखू भाजायची, पार काळी होईपर्यंत. त्या धुरानं घरभर ठसका लागायचा. मग ती खलबत्त्यात कुटून पत्र्याच्या एवढ्याशा डबीत भरायची आणि डबी नऊवारीच्या कनवटीला खोचायची. दात घासताना एकदा, बागेत जाण्याआधी एकदा, दुपारच्या भाकरीनंतर एकदा, असं ती बोटानं हिरड्यांना लावायची. मी आठ-नऊ वर्षांची असताना विचारलं होतं, “आज्जे, गोड लागती का गं?”

“आगं कसली गोड? कडूजहर! पर लावल्याबिगर कामाला हात लागत न्हाय.”

जी गोष्ट चवीला आवडत नाही, ती रोज तीन-तीन वेळा हवी कशी असते? हा प्रश्न मी तेव्हा असा मांडला नव्हता, पण तो तिथूनच आला होता. ताईच्या सांगण्यावरून मी सगळा निबंध फाडला आणि मिश्रीच्या डबीवरून लिहायला सुरुवात केली. २०२१च्या डिसेंबरात तो अर्ज मिशिगन विद्यापीठाला गेला.

मिशिगनच का, हे सांगायला हवं. ते अमेरिकेतलं एक जुनं सरकारी विद्यापीठ. १८१७ साली डेट्रॉइटमध्ये सुरू झालं आणि १८३७ साली अ‍ॅन आर्बर या गावी आलं. पण मला ओढ होती ती तिथल्या मानसशास्त्र विभागाची. ‘हवं असणं’ आणि ‘आवडणं’ या मेंदूतल्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे केंट बेरिज आणि टेरी रॉबिन्सन या दोघांनी तिथे प्रयोगांनी दाखवलं होतं. त्याआधी १९५७ साली जेम्स ओल्ड्सही मिशिगनला आला होता. १९५४ साली प्रसिद्ध झालेल्या मॉन्ट्रियलमधल्या प्रयोगात त्यानं आणि पीटर मिल्नरनं उंदराच्या मेंदूत तार बसवली होती. ती ठरवलेल्या जागी न जाता भलतीकडे बसली, आणि तो उंदीर विजेचा सौम्य झटका मिळावा म्हणून पुन्हा पुन्हा त्याच कोपऱ्यात जाऊ लागला. पुढच्या उंदरांना खटका दाबून स्वतःच झटका घेता येईल अशी सोय केली, तर ते तासन् तास खटका दाबत राहिले. मेंदूत ‘सुखाचं केंद्र’ सापडलं असं त्या वेळी सगळ्यांना वाटलं. ते सुख होतं की नुसती तल्लफ होती, हा प्रश्न त्याच विद्यापीठात पुढे तीस वर्षांनी नीट विचारला गेला.

तिथे पीएचडीला आपल्यासारखा थेट एका गाईडकडे प्रवेश नसतो. जीवशास्त्र आणि वैद्यकाशी संबंधित डझनभराहून जास्त विषय एका सामाईक प्रवेशात येतात. पहिल्या वर्षी वेगवेगळ्या लॅबमध्ये काही आठवडे काम करायचं, त्याला रोटेशन म्हणतात. त्यानंतर लॅब आणि विषय पक्का करायचा. मुलाखत व्हिडिओवर झाली, आपल्याकडे रात्रीचे साडेनऊ, तिकडे सकाळचे अकरा. एका प्राध्यापकांनी मिश्री म्हणजे काय ते विचारलं आणि मी दहा मिनिटं तंबाखू भाजण्याबद्दलच बोलत राहिले.

निवड झाल्यावर आप्पांना सगळं समजावून सांगताना वेळ लागला. गावातला एक मुलगा एमएसला गेला तेव्हा त्याच्या वडिलांनी जमीन तारण ठेवली होती, त्यामुळे ‘अमेरिकेत शिकायला’ म्हटलं की त्यांच्या डोळ्यांपुढे सातबारा येत होता. मी सांगितलं, फी माफ आहे, दर महिन्याला विद्यावेतन आहे, दवाखान्याचा विमा आहे.

आप्पा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “मग ते तुझ्याकडनं काय घेणार?”

इतका नेमका प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी म्हटलं, “पाच-सहा वर्षं घेतील, आप्पा.”

२०२२च्या ऑगस्टमध्ये मी अ‍ॅन आर्बरला पोचले. पन्नास हजारांहून जास्त विद्यार्थी. तिथल्या फुटबॉलच्या मैदानात १,०७,६०१ माणसं बसतात. अख्खं तासगाव त्यात दोनदा बसवलं तरी जागा उरेल. सामन्याच्या शनिवारी सगळं गाव पिवळं-निळं होतं आणि प्रयोगशाळेच्या बंद खिडकीतूनही आरोळ्या ऐकू येतात. आवाराच्या मधोमध फरशीत पितळी ‘एम’ बसवलेला आहे. पहिल्या परीक्षेआधी त्यावर पाय पडला तर नापास होतात अशी समजूत आहे. मीही वळसा घालूनच जात होते.

पण मोठ्या सरकारी विद्यापीठाचा मोठेपणा मला कळला तो निराळ्या रीतीनं. न्यूरोसायन्स, म्हणजे मेंदूविज्ञान, असं नाव लिहिलेलं एक दार तिथे नाही. मानसशास्त्रवाले ईस्ट हॉलमध्ये, गणितवाल्यांचे शेजारी. वैद्यकीय शाखा टेकडीवर. डोळ्यांचं केंद्र आणखी पलीकडे. इंजिनीअरिंग निळ्या बसनं जायच्या नॉर्थ कँपसवर, आणि मेंदूतले सूक्ष्म विद्युतसंकेत टिपणारी सिलिकॉनची सुई, जिला जगभर ‘मिशिगन प्रोब’ म्हणतात, ती तिकडची. पहिले दोन महिने मला हरवल्यासारखं झालं. पुढे केव्हातरी उंदराच्या मेंदूच्या माझ्या कापांवर रंग चढेना. तीन वेळा सगळं पुन्हा केलं तरी काप काळेच. कुणीतरी सांगितलं म्हणून एका अनोळखी लॅबला ईमेल केला. दुसऱ्या दिवशी तिथली एक मुलगी बर्फाच्या डब्यात रंग चढवायला लागणाऱ्या अँटिबॉडीची चिमुकली कुपी घेऊन बर्फातून वीस मिनिटं चालत आली. “आमच्याकडे ही चालते, बघ करून.” तिचं नाव नंतर मी विचारून लक्षात ठेवलं. इतकी माणसं एका गावात असली की आपल्या अडचणीतून आधीच गेलेलं कुणीतरी चालत येण्याच्या अंतरावर असतंच.

पहिल्या सत्रात मला सर्वांत जास्त भीती वाटली ती गणिताची. मी प्राणिशास्त्राची विद्यार्थिनी, आकृत्या काढून गुण मिळवलेली. इथे पेशीच्या पडद्यावरचा विद्युतदाब समीकरणातून काढायचा. पेशीच्या आत पोटॅशियम बाहेरच्यापेक्षा कितीतरी पट जास्त, म्हणून ते बाहेर पडू पाहतं. पण एकेक धन भार बाहेर गेला की आतली बाजू ऋण होत जाते आणि तीच त्याला मागे ओढते. ही दोन्ही बलं जिथे जुळतात तो दाब साधारण उणे ९० मिलिव्होल्ट. हे वाक्य मी बीएस्सीला पाठ केलं होतं. इथे एका शनिवारी-रविवारी रिकाम्या वर्गातल्या फळ्यावर ते मी स्वतः मांडलं, चुकले, पुसलं, पुन्हा मांडलं. रविवारी संध्याकाळी उत्तर आलं तेव्हा वर्गात कुणी नव्हतं. मी फळ्याचा फोटो काढला. तो अजून फोनमध्ये आहे.

माणसाचा मेंदू पहिल्यांदा हातात घेतला तो ऑक्टोबरात. देहदान केलेल्या कुणाचा तरी. आमच्या घरी बकऱ्याचा भेजा शिजतो, त्यामुळे ताजा मेंदू नीट न जमलेल्या खरवसासारखा लिबलिबीत असतो हे मला माहीत होतं. पण औषधात ठेवलेला हा मेंदू घट्ट, रबरासारखा होता, आणि वजन माझ्या अंदाजापेक्षा जास्त. साधारण तेराशे-चौदाशे ग्रॅम. ८६ अब्ज चेतापेशींचा आकडा वर्गात ऐकलेला होता, पण ओंजळीत घेतल्यावर तो आकडा आठवला नाही. आठवलं एवढंच की या माणसाला कुणीतरी हाक मारत असेल आणि तो ओ देत असेल. शिकवणाऱ्या बाईंनी आम्हाला कामाला लागण्याआधी दोन मिनिटं नुसतं धरून उभं राहू दिलं. त्यासाठी मी त्यांची फार ऋणी आहे.

मग रोटेशन. पहिलं पॅच क्लँपच्या, म्हणजे एकेका पेशीतली वीज मोजणाऱ्या लॅबमध्ये. उंदराच्या मेंदूचा ३०० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जिवंत काप, त्यातून ऑक्सिजनचे बुडबुडे सोडलेलं खारट पाणी वाहतंय. काचेची नळी तापवून ओढायची, टोकाचं भोक सुमारे एक मायक्रॉन. सूक्ष्मदर्शकाखाली ती नळी एका पेशीला टेकवायची आणि दुसऱ्या टोकाला तोंड लावून अगदी हलका श्वास ओढायचा. पडदा काचेला इतका घट्ट चिकटला पाहिजे की विजेला होणारा रोध एक गिगाओमच्या, म्हणजे शंभर कोटी ओमच्या वर जावा. ही पद्धत काढणाऱ्या एर्विन नेहर आणि बर्ट साकमान यांना १९९१ साली नोबेल मिळालं. माझ्याकडून मात्र सात आठवडे पेशी फुटत राहिल्या. शेवटच्या आठवड्यातल्या गुरुवारी एक टिकली. एकोणीस मिनिटं. स्पीकरला जोडल्यावर ती पेशी टक्, टक्टक्, टक् अशी बोलत होती. मी श्वास रोखून ऐकत बसले. ते काम मी पुढे घेतलं नाही, पण तो आवाज ऐकल्याचं समाधान मला कुठल्याही गुणपत्रिकेनं दिलेलं नाही.

दुसरं रोटेशन माणसांच्या मेंदूचं स्कॅनिंग करणाऱ्यांकडे. माणसं चांगली, काम चांगलं. पण दिवसभर संगणकावर आकडे धुऊन काढायचे, त्यात माझे हात रिकामे राहायचे. ते माझं नव्हतं.

तिसरं रोटेशन जानेवारीत सुरू झालं. अ‍ॅन आर्बरला जानेवारीत सूर्य सकाळी आठच्या सुमारास उगवतो. उंदीर निशाचर, म्हणून त्यांच्या खोलीतले दिवे उलटे लावलेले: दिवसा अंधार, रात्री उजेड. आम्ही लाल दिव्यात काम करायचो, कारण लाल उजेड त्यांना फारसा दिसत नाही. अंधारात घरातून निघायचं, लाल अंधारात काम करायचं, अंधारात परत. आईचा फोन आला की ती पहिला प्रश्न विचारायची, “ऊन बघितलंस का आज?”

प्रयोग सांगते, कारण सगळं त्याच्याभोवती आहे. एका पेटीत उंदीर. पेटीच्या भिंतीतून स्टीलची एक लहान दांडी बाहेर येते, आठ सेकंद राहते आणि आत जाते. ती आत गेली की शेजारच्या वाटीत केळ्याच्या वासाची एक गोळी पडते. उंदरानं काहीही करायचं नाही, दांडीला हात लावायचीही गरज नाही. गोळी पडणारच. असं साधारण दीड-दीड मिनिटाच्या अंतरानं पंचवीस वेळा, रोज, पाच दिवस.

पाच दिवसांत उंदरांचे गट पडतात. काही उंदीर दांडी बाहेर आली की शहाण्यासारखे वाटीपाशी जाऊन थांबतात. काही दांडीकडेच धावतात. तिला हुंगतात, चाटतात, चावतात, दोन्ही पंजांत धरून ठेवतात. काही मधले. पहिल्यांना गोल-ट्रॅकर म्हणतात, दुसऱ्यांना साइन-ट्रॅकर. गोळी दोघांनाही तितकीच मिळते, दांडीनंतर गोळी येते हे दोघेही तितकंच नीट शिकतात. फरक एवढाच की काहींसाठी दांडी ही नुसती वर्दी राहते आणि काहींसाठी दांडीच हवीहवीशी होऊन बसते.

उंदरांना नावं ठेवायची नाहीत, नंबरच, असा लॅबचा दंडक. माझा अकरा नंबर पहिल्या दिवशी पेटीच्या कोपऱ्यात अंग चोरून बसला होता. तिसऱ्या दिवशी त्यानं दांडी हुंगली. पाचव्या दिवशी दांडी बाहेर यायच्या आधीच तो भिंतीशी उभा होता, आणि ती आल्यावर तिला असा चाटत होता की जणू तीच केळ्याची गोळी. खरी गोळी वाटीत पडल्याचा आवाज आला तरी त्याला दांडीची जागा सोडवेना.

मी लाल उजेडात पडद्यावर ते पाहत होते आणि मला खलबत्त्याचा आवाज ऐकू आला. आज्जी मिश्री लावण्याआधी डबी कनवटीतून काढायची, अंगठ्यानं झाकणावर दोनदा टकटक करायची, डबी तळहातावर फिरवायची, मग उघडायची. डबी हातात आली की तिचा चेहराच बदलायचा. मिश्री तोंडात जायला अजून वेळ असायचा. मी लहानपणी प्रश्न मिश्रीबद्दल विचारला होता. डबीबद्दल विचारायला हवा होता.

बेरिज यांचे जुने प्रयोग मी त्याच आठवड्यात पुन्हा वाचून काढले. उंदराच्या जिभेवर गोड थेंब ठेवला की तो ओठ चाटतो, कडू ठेवला की जबडा वासतो, डोकं झटकतो. आपल्याकडे तान्ह्या बाळाला गुटी चाटवताना ते तोंड वासतं, तसंच. चेहऱ्यावरची ही भाषा उंदराची आणि बाळाची जवळपास एकच. त्या काळी सगळे मानत होते की डोपामीन म्हणजे सुखाचं रसायन. मग ज्या उंदरांच्या मेंदूतलं डोपामीन जवळपास संपवलं आहे, त्यांना गोड थेंब आवडायला नको. ते उंदीर आपणहून काही खात नव्हते, समोर अन्न असताना उपाशी राहिले असते, त्यांना नळीनं भरवावं लागायचं. पण जिभेवर साखरेचा थेंब ठेवला की ते पूर्वीसारखेच ओठ चाटायचे. आवड शाबूत होती, गेली होती ती ओढ. १९८९ साली हे प्रसिद्ध झालं. १९९३ साली बेरिज आणि रॉबिन्सन यांनी व्यसनाबद्दलचा आपला सिद्धान्त मांडला: नशेच्या पदार्थानं पुन्हा पुन्हा ढवळली गेलेली ‘हवं’ची यंत्रणा जास्त जास्त तिखट होत जाते, पण ‘आवडतं’ काही तिच्या बरोबरीनं वाढत नाही, उलट कमीही होऊ शकतं. आवडीचं खास ठिकाण म्हणावं अशी जागा उंदराच्या मेंदूत आहे, पण ती जेमतेम एक घन मिलिमीटर. ओढीचा पसारा त्याहून कितीतरी मोठा.

इंग्रजीत लिहिताना हे शास्त्रज्ञ त्या दोन शब्दांना अवतरणचिन्हं लावतात, कारण त्यांना रोजच्या वापरातला अर्थ नको असतो. मला ते वाचताना वाटत राहिलं की आपल्याकडे त्यासाठी वेगळा शब्द आहे. तल्लफ. तल्लफ कुणी करत नाही, ती येते. ‘मला तल्लफ आली’ असं म्हणताना आपण त्या कामाचे धनी नसतोच. आणि तल्लफ आलेल्या माणसाला ती गोष्ट आवडते का, याबद्दल तो शब्द एक अक्षर बोलत नाही. लॅबच्या बैठकीत मी हे फळ्यावर देवनागरीत लिहून सांगितलं. आमच्या लॅबच्या प्रमुख (त्यांना नुसत्या नावानं हाक मारायला मला वर्ष लागलं, मनातल्या मनात मी अजून ‘मॅडम’च म्हणते) उठून फळ्याजवळ आल्या आणि त्यांनी तो शब्द चार वेळा म्हणून पाहिला. ‘ल्ल’ त्यांना जमेना. पण पुढच्या बैठकीत त्यांनी तो वापरला. रोटेशन संपल्यावर मी तीच लॅब घेतली.

आता जे लिहायला जड जातं ते. प्रयोग संपला की उंदराचा मेंदू पाहावा लागतो, आणि त्यासाठी उंदीर मारावा लागतो. प्राण्यांच्या वापरावर देखरेख करणारी समिती असते, प्रत्येक पायरी आधी मंजूर करून घ्यावी लागते, उंदराला पूर्ण गुंगी आहे याची खात्री होईपर्यंत पुढे जायचं नसतं. हे सगळं योग्य आहे आणि मी ते अक्षरशः पाळते. आमच्या घरी धान्याच्या खोलीत सापळे लावलेले असत, उंदीर मरणं ही नवलाची गोष्ट नव्हती. तरी हे वेगळं होतं. अकरा नंबरला मी रोज हातात घेत होते, माझ्या बाहीत शिरायची त्याला सवय झाली होती. त्या दिवशीही तो निमूट माझ्या हातात आला. माझ्याबरोबरच्या सीनिअरनं विचारलं, “मी करू का?” मी नाही म्हटलं. ज्याच्याकडून आपण काही शिकून घेतलं, त्याचं शेवटचं काम दुसऱ्यावर ढकलू नये असं मला वाटलं. अजूनही वाटतं. संध्याकाळी ह्युरॉन नदीच्या काठानं चालत राहिले. नदी अर्धी गोठलेली होती. जेवण गेलं नाही. त्यानंतर मी हे काम बरेचदा केलं आहे आणि ते सोपं झालेलं नाही. सोपं व्हावं असं मला वाटतही नाही.

पुढचं काम मात्र हातांचं, आणि तिथे मला घरचं काही उपयोगी पडलं. गोठवलेल्या मेंदूचे ४० मायक्रॉनचे काप काढायचे, केसाहून पातळ. ते द्रवात तरंगत असतात. बारीक रंगकामाच्या ब्रशनं एकेक काप उचलून काचेवर न फाटता, न दुमडता पसरायचा. नव्या मुलांचे निम्मे काप फाटतात. माझे फाटले नाहीत. उन्हाळ्यात आईबरोबर वाफवलेल्या ओल्या सालपापड्या सोडवून कापडावर पसरायचं काम मी दहा वर्षं केलेलं. कडा सुटू द्यायची, घाई करायची नाही, हवा आत अडकू द्यायची नाही. हे मी तिथल्या एका नव्या मुलीला शिकवलं तेव्हा तिला सालपापडीचा फोटोही दाखवला.

दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस, २०२४च्या मेमध्ये, प्रिलिम. आपण पुढची तीन-चार वर्षं काय करणार याचा प्रस्ताव लिहायचा आणि प्राध्यापकांच्या समितीपुढे उभं राहायचं. ते पास झालात तरच पीएचडीचे अधिकृत उमेदवार. माझा प्रस्ताव मेंदूत खोलवर असलेल्या थॅलॅमसच्या मधल्या रेषेवरच्या एका बारक्या भागाबद्दल होता: तो तात्पुरता शांत केला तर दांडीची ओढ बदलते का?

पहिला प्रश्न अपेक्षित होता. उंदराला दांडी हवी आहे, असं तुम्ही कशावरून म्हणता? कदाचित तो नुसता गोंधळला असेल, दांडीलाच अन्न समजत असेल. याचं उत्तर माझ्याकडे होतं. अन्न पूर्ण बंद करून, फक्त दांडी पाहायला मिळावी म्हणून उंदराला भोकात नाक खुपसायचं काम दिलं, तर साइन-ट्रॅकर ते काम जास्त करतात. म्हणजे दांडीसाठीच कष्ट करायची त्यांची तयारी असते. शिवाय साइन-ट्रॅकरमध्ये डोपामीनची उसळी गोळीवरून हळूहळू दांडीवर सरकते, गोल-ट्रॅकरमध्ये तशी सरकत नाही. हे काम मिशिगनच्या शास्त्रज्ञांनी इतरांबरोबर केलं, २०११ साली प्रसिद्ध झालं. मी आलेख काढून दाखवला.

मग समितीतल्या सर्वांत वयस्कर बाईंनी शांतपणे विचारलं, “तुझ्या अर्जातली आजी मला आठवते. तुझा उंदीर पेटीत एकटा असतो. आजी एकटी असायची का?”

नसायची. बागेत जाण्याआधी चार-पाच जणी आमच्या ओट्यावर बसायच्या. एकीची डबी दुसरीकडे जायची. नवऱ्यांच्या, सुनांच्या, पावसाच्या गोष्टी व्हायच्या. दिवसभर वाकून काम करण्याआधी त्यांच्या वाट्याला बसायची तेवढी दहा मिनिटं होती, आणि मिश्री लावत असलेल्या बाईला कुणी ‘उठ’ म्हणत नव्हतं. हे मी लहानपणी रोज पाहिलं होतं आणि माझ्या प्रस्तावात त्याला एका ओळीचीही जागा नव्हती. मी ते तसंच सांगितलं. माझ्या पेटीत हे मोजता येत नाही, म्हटलं. कसं मोजायचं ते मला आज माहीत नाही, पण दोन उंदीर एका जाळीच्या दोन बाजूंना ठेवून सुरुवात करता येईल.

मला बाहेर बसायला सांगितलं. पंधरा मिनिटांनी दार उघडलं आणि पास झाल्याचं कळलं. त्या बाईंनी जाळीची कल्पना तिसरं प्रकरण म्हणून घालायला सांगितली. आता ते चालू आहे.

त्या वर्षी डिसेंबरात घरी गेले. आज्जीनं मिश्री सोडली होती. तालुक्याच्या डॉक्टरांनी गालाच्या आतला पांढरा चट्टा दाखवून समजावल्यावर तिनं एका दिवसात बंद केली. आठ महिने झाले होते. आई म्हणाली, पहिला महिना आज्जी कुणाशी धड बोलली नाही.

दुपारी आम्ही दोघी ओट्यावर बसलो होतो. समोरच्या काकू मिश्री लावत होत्या, त्यांची डबी उघडल्याचा आवाज आला. आज्जीचा हात कनवटीला गेला. तिनं डबी काढली, झाकणावर दोनदा टकटक केलं, तळहातावर फिरवली. मी बघते आहे हे पाहून तिनं झाकण उघडून दाखवलं. आत काही नव्हतं. घासून स्वच्छ केलेली.

मी तिला अकरा नंबरचं सगळं सांगितलं. दांडी, गोळी, चाटणं. ती लक्ष देऊन ऐकत होती. मग विचारलं, “आन् गोळी द्यायची बंद केली तर? मग सोडतंय का त्ये दांडीला?”

म्हटलं, “सोडतो, आज्जे. पण वाटीकडे जाणारे लवकर सोडतात. दांडीवाल्यांना जास्त दिवस लागतात.”

“मग लागू दे की. तू घाई करू नगंस त्याला,” म्हणाली, आणि डबी परत कनवटीला खोचली.